मैफल कोणाच्या मालकीची?

अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाची पन्नास वर्षांपूर्वीची एखादी मैफल आता तबकड्यांच्या रूपाने बाहेर येणार, अशी वार्ता आली की त्याच्या चाहत्यांत जी खळबळ उडते ती बाहेरच्या माणसाला काहीशी हास्यास्पद वाटण्याजोगी असते. कोणत्या वर्षीची, कोणत्या गावची, कोणत्या रात्रीची मैफल निवडली यावर वाद झडतात. मुद्रण कोणी केले, मूळ फीत शाबूत आहे काय, मधले एखादे गीत तुटले आहे काय, याची चौकशी सुरू होते. वाद्यवृंदाचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी निवर्तला आणि त्याबरोबर मूळ वाद्यवृंदाचाही अंत झाला. तरीही त्याच्या जुन्या मैफिलींची आवृत्ती निघाल्यावाचून एकही वर्ष जात नाही, आणि प्रत्येक आवृत्तीला ग्राहक मिळतात.

भांडवली समाजातील वस्तुपूजेचे आणखी एक उदाहरण, एवढे म्हणून या प्रकाराची वासलात लावणे सोपे आहे. कार्यकर्त्यांना तो मोह पडणेही स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे या प्रकरणात जे शिकण्यासारखे आहे तेच हातातून निसटते. हजारो सामान्य श्रोत्यांनी तीस वर्षे खपून एक सामाईक ठेवा उभा केला, तो बाजाराच्या बाहेर राखला, आणि पुढे त्याच ठेव्याच्या शेजारी बाजाराने आपले दुकान मांडले, असा हा इतिहास आहे. सामाजिक मालकीचा विचार करणाऱ्यांनी तो बारकाईने पाहिला पाहिजे.

‘ग्रेटफुल डेड’ची स्थापना १९६५ साली कॅलिफोर्नियात झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीतील तरुणांच्या बंडखोर वातावरणात हा वाद्यवृंद वाढला. तीस वर्षांत त्याने दोन हजार तीनशेच्या आसपास मैफिली केल्या. व्यापारी दृष्टीने पाहता त्याचे ध्वनिमुद्रिकांचे यश बेताचेच होते. अमेरिकेतील लोकप्रियतेच्या तक्त्यात पहिल्या दहांत पोचलेले त्याचे एकच गीत, तेही १९८७ साली, म्हणजे स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. त्याचा सारा जीव प्रत्यक्ष मैफिलीत होता. कोणत्याही दोन रात्रींचा कार्यक्रम सारखा नसे. कोणते गीत कधी यावे, ते किती लांबावे, एकातून दुसऱ्यात कसे शिरावे हे रंगमंचावर ठरे. ‘डार्क स्टार’ हे त्यांचे गीत १९६८ च्या छोट्या तबकडीवर तीन मिनिटांच्याही आत संपते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष मैफिलीच्या संग्रहात तेच गीत सुमारे तेवीस मिनिटे चालते. एकाच गायकाचा एकच राग वीस वेळा ऐकूनही एकविसाव्या वेळी जागा धरून बसणाऱ्या रसिकांच्या महाराष्ट्रात या ओढीचे फार स्पष्टीकरण करण्याची आवश्यकता नाही.

जेथे प्रत्येक रात्र निराळी, तेथे ती रात्र टिपून ठेवण्याची इच्छा होणारच. श्रोते ध्वनिमुद्रक घेऊन मैफिलीला येऊ लागले. बहुतेक कंपन्या अशा श्रोत्याला चोर मानीत आणि दारावर त्याची झडती घेववीत. या वाद्यवृंदाने प्रथम दुर्लक्ष केले आणि नंतर मुभा दिली. १९७१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील चाहत्यांनी फितींची विनामूल्य देवघेव करणारे मंडळ काढले; १९७४ पासून त्यातूनच एक नियतकालिक निघू लागले. ध्वनिग्राहकांच्या काठ्यांचे रान माजून मागच्यांना रंगमंच दिसेना, तेव्हा ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली येथील मैफिलीपासून मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागा आखून देण्यात आली आणि तिची तिकिटे स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली. अट एकच होती. फीत विकायची नाही. हवी असेल त्याने कोरी फीत आणि टपालखर्च पाठवावा, किंवा आपल्याजवळची फीत बदल्यात द्यावी. ज्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नाही अशा नवख्यालाही जुने चाहते भरून पाठवीत.

ही अट सरकारने घातलेली नव्हती आणि तिच्या अंमलबजावणीसाठी पोलीसही नव्हता. फिती विकणारे अधूनमधून निघतच. पण त्यांना या मंडळींत प्रतिष्ठा नव्हती, आणि जी वस्तू मैत्रीखातर मिळते ती दाम मोजून घेणारे गिऱ्हाईकही फारसे नव्हते. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचा दाखला देऊन असे प्रतिपादिले की, जे सर्वांचे ते अखेर उजाड होते. खाजगी मालकीच्या पुरस्कर्त्यांनी हा दाखला पुढे वेदवाक्यासारखा वापरला. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात अनेक देशांतील पाणी, जंगल आणि मासेमारी यांचे व्यवहार तपासून दाखवून दिले की, लोक एकत्र बसून स्वतःचे नियम करतात, ते पाळतात आणि सामाईक संपत्ती पिढ्यानपिढ्या टिकवतात. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फितींची ही देवघेव त्याच जातीची म्हणावी लागेल. फरक एवढाच की, कुरण चरल्याने झिजते. संगीत वाटल्याने वाढते. एका श्रोत्याने फीत ऐकली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. उलट जितक्या घरी प्रती, तितका तिचा नाश अवघड.

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे मात्र कारण नाही. चांगला ध्वनिग्राहक आणि वाहून नेता येण्याजोगे मुद्रणयंत्र परवडणारा वर्ग बव्हंशी सुस्थितीतील गोऱ्या मध्यमवर्गाचा होता. प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक खेपेस आवाज मळत जाई. त्यामुळे मूळ फितीच्या जवळची प्रत ज्याच्यापाशी, त्याचा मान मोठा, अशी एक उतरंडही तयार झाली होती. वाद्यवृंद स्वतः एक कंपनीच होता आणि त्याचे उत्पन्न तिकिटांवर चाले. फिती फुकट फिरत राहिल्या म्हणून श्रोते वाढले आणि श्रोते वाढले म्हणून तिकिटे खपली, हा हिशेब त्याला पुढे चांगलाच कळला होता. म्हणजे दानधर्माच्या भावनेतून हे घडले नाही. पण हेतू शुद्ध होते काय यापेक्षा व्यवस्था कशी चालली हे पाहणे अर्थशास्त्राला अधिक उपयोगाचे. आणि ती पैशाच्या देवघेवीवाचून, जाहिरातीवाचून, मालकीहक्काच्या धाकावाचून चांगली चालली.

खुद्द वाद्यवृंदानेही आपल्या मैफिली मुद्रित करून त्या फितींचे भांडार साठवले होते. १९८० च्या दशकात या भांडाराची व्यवस्था डिक लाटवाला यांच्याकडे आली. ते मूळचे फितींची देवघेव करणारे चाहतेच. त्यांच्या निवडीची पहिली आवृत्ती १९९३ साली निघाली. तीत फ्लॉरिडातील टॅम्पा येथील १९ डिसेंबर १९७३ ची मैफल होती. १९९९ साली लाटवाला वारले, पण त्यांच्या नावाची मालिका २००५ पर्यंत चालून तिचे छत्तीस भाग झाले. मुद्रणात जे दोष असतील त्यांची पूर्वसूचना वेष्टनावरच छापलेली असे. माल विकताना त्यातील उणीव आधी सांगणारा विक्रेता बाजारात विरळा. चाहत्यांनी या मालिकेवर जो विश्वास टाकला त्याचे एक कारण या सचोटीत आहे.

२००६ साली भांडाराच्या वितरणाचे हक्क वॉर्नर उद्योगसमूहातील राइनो या कंपनीकडे गेले आणि हळूहळू सूर बदलला. १९७२ च्या युरोप दौऱ्यातील बावीसही मैफिली त्र्याहत्तर तबकड्यांवर भरून २०११ साली एका प्रवासी पेटीच्या आकाराच्या संचात विकण्यात आल्या. किंमत साडेचारशे डॉलर. प्रती अवघ्या ७,२००. चार दिवसांच्या आत त्या नोंदल्या गेल्या. म्हणजे एकही तबकडी छापून होण्यापूर्वी बत्तीस लाख चाळीस हजार डॉलरची विक्री निश्चित झाली. २०१५ साली वाद्यवृंदाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९६६ ते १९९५ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाची एक, अशा तीस मैफिलींचा ऐंशी तबकड्यांचा संच निघाला. किंमत जवळजवळ सातशे डॉलर, प्रती ६,५००. येथे गणित साडेपंचेचाळीस लाखांच्या घरात जाते. २०१२ पासून वर्षाकाठी चार मैफिलींची एक मालिका निघते. तिच्याही प्रती ठरावीक आणि क्रमांक घातलेल्या.

एक तबकडी जास्तीची छापण्यास जो खर्च येतो तो किरकोळ असतो, आणि विद्युत्-मार्गे प्रत पाठवण्यास तर जवळपास काहीच लागत नाही. मग प्रती सात हजारांवर का थांबाव्यात? टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही आणि कारखान्याच्या क्षमतेनेही नाही. ती विक्रीचे साधन म्हणून ठरवून आणलेली आहे. याचा पुरावा त्या युरोपच्या संचानेच दिला. पेट्या संपल्यानंतर त्याच तबकड्या पेटीवाचून मिळू लागल्या. तेव्हा दुर्मीळ काय होते? गाणे नव्हे, खोका. ज्या मैफिलींची महती श्रोत्यांनी एकमेकांना फुकट फिती देऊन वाढवली, त्याच श्रोत्यांना ‘त्वरा करा, मोजक्याच प्रती शिल्लक’ असे सांगून दारी उभे केले जाते. कोणती मैफल खपेल याची बाजारपेठ-पाहणीही कंपनीला करावी लागली नाही. चाहत्यांनी तीस वर्षे ऐकून, टिपणे काढून, वाद घालून जी प्रतवारी केली तीच आयती तिच्या हाती आली. या श्रमाचे मोल कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. चुंबकीय फीत चिरंजीव नसते. तिच्यावरचा लेप ओलावा शोषून चिकट होतो. वाजवण्याआधी ती मंद आचेवर शेकावी लागते, आणि ढळलेला वेग दुरुस्त करण्यास विशेष तंत्र लागते. गोदाम, थंडावा, कुशल माणसे यांना पैसा लागतो आणि तो कोठून तरी यायलाच हवा. हा युक्तिवाद खरा आहे. मात्र त्यावरून खाजगी तिजोरी हीच सुरक्षित जागा असा निष्कर्ष निघत नाही. १ जून २००८ रोजी लॉस एंजेलिस येथील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत त्या समूहाच्या मूळ ध्वनिफिती भस्मसात झाल्या. नुकसान किती झाले याबद्दल वाद आहे. पण फितींच्या नाशाचे खरे स्वरूप जगाला अकरा वर्षांनी, २०१९ साली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वृत्तान्तातून कळले, एवढे पुरेसे बोलके आहे. नफ्यासाठी जे जपले जाते ते नफा नसेल तेथे जपले जाईलच असे नाही. आणि गेले तर ते सांगण्याचे बंधनही कोणावर नसते.

या इतिहासातील सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी कथा बेटी कॅंटर-जॅक्सन यांची आहे. १९७० च्या दशकातील या वाद्यवृंदाची अत्यंत नावाजलेली मुद्रणे त्यांच्या हातची. ध्वनिक्षेपणाचे तंत्र हे पुरुषांचेच राखीव क्षेत्र मानले जाई त्या काळी या बाईंनी रात्रीमागून रात्री यंत्रापुढे बसून ती केली. १९८० च्या दशकात त्यांच्यावर आर्थिक अरिष्ट आले. घर गेले, सामान भाड्याच्या कोठारात गेले, भाडे थकले आणि कोठारमालकाने मालाचा लिलाव पुकारला. शेकडो फिती परक्यांच्या हाती गेल्या. त्यांतील कित्येकांच्या प्रती चाहत्यांत पसरल्या आणि ‘बेटी’ हे नाव उत्तम मुद्रणाची खूणगाठ होऊन बसले. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात ८ मे १९७७ रोजी झालेली मैफल त्यांनीच टिपलेली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २०११ सालच्या निवडीत तिचा समावेश केला. अधिकृत आवृत्ती निघाली ती मे २०१७ मध्ये, मैफिलीला चाळीस वर्षे झाल्यावर. मधली सारी वर्षे ही मैफल जिवंत राहिली ती चाहत्यांच्या घराघरांतील प्रतींमुळे. राष्ट्राने जिला वारसा म्हणून गौरवले, तिची मूळ फीत टिपणारीला एका खोलीचे भाडे भरता आले नव्हते. संगीताच्या उद्योगात गायक-वादकांच्या मागे जे श्रमिक उभे असतात, त्यांच्या स्थितीवर याहून कडक भाष्य कोणी काय करावे?

मालकीचा प्रश्न २००५ च्या नोव्हेंबरात उघडपणे पुढे आला. सॅन फ्रान्सिस्कोची ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही ना-नफा संस्था या वाद्यवृंदाच्या हजारो मैफिली विनामूल्य उपलब्ध करून देत होती. वाद्यवृंदाच्या वारसदार मंडळींच्या सांगण्यावरून त्या एकाएकी काढून घेण्यात आल्या. चाहत्यांनी निषेधाचे अर्ज भरले, खरेदीवर बहिष्काराची भाषा केली. वाद्यवृंदातलेच सारे एका मताचे नव्हते. बासवादक फिल लेश यांनी चाहत्यांची बाजू उचलली, आणि गीतकार जॉन पेरी बार्लो यांनीही विरोध केला. विचार हे मालमत्तेसारखे कुंपणात घालता येत नाहीत, असे प्रतिपादन बार्लो यांनी १९९४ मध्येच एका दीर्घ लेखात केले होते आणि त्याचा आधार याच वाद्यवृंदाच्या अनुभवात होता. काही दिवसांतच तडजोड झाली. श्रोत्यांनी स्वतः टिपलेली मुद्रणे पूर्ववत उतरवून घेता येऊ लागली. वाद्यवृंदाच्या यंत्रणेतून थेट घेतलेली मात्र केवळ तेथल्या तेथे ऐकण्यापुरती ठेवली गेली. संघटित श्रोते मालकाला मागे रेटू शकतात, हे यातून सिद्ध झाले. पण अर्धेच मिळाले, कारण कायदा मालकाच्या बाजूने होता. तो आजही आहे. २०१८ च्या अमेरिकन कायद्यान्वये १९५७ ते फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत अबाधित राहणार आहेत. तोपर्यंत १९६८ च्या मैफिलीला हजर असलेला श्रोता क्वचितच हयात असेल.

या वाद्यवृंदाचा आणि भारताचा धागा अगदीच तुटक नाही. त्याचे तालवादक मिकी हार्ट यांच्यावर उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याचा खोल संस्कार झाला. उस्तादांचे मुंबईत जन्मलेले पुत्र झाकीर हुसेन हे हार्ट यांचे दीर्घकाळचे सहकारी होते. दोघांच्या सहकार्यातून ‘दिगा’ ही ध्वनिमुद्रिका १९७६ साली निघाली आणि १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीतासाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन यांचे सॅन फ्रान्सिस्को येथेच निधन झाले. ज्या संगीतात क्षणाची निर्मिती हाच प्राण, त्या संगीताची दोन घराणी एका गावी भेटली, असे म्हणता येईल.

आपल्याकडेही मैफिलींच्या खाजगी ध्वनिफिती रसिकांच्या कपाटांत आहेत, हे उघड गुपित आहे. सार्वजनिक गणेशोत्सवातील गायन, गावोगावच्या संगीत मंडळांच्या बैठकी, शाहिरांचे पोवाडे, कलापथकांचे कार्यक्रम, यांतील जे काही कोणा हौशी माणसाने टिपले असेल ते बुरशी आणि भंगारवाला यांच्यापैकी आधी कोण येतो याची वाट पाहत पडले आहे. १९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, आणि व्यापारी वापरातील मानधनाचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. कलावंताच्या पदरी हे उशिरा पडलेले माप आहे आणि त्याला धक्का लागता कामा नये. पण कलावंताचा हक्क आणि कंपनीची मक्तेदारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या नावाखाली दुसरी शिरजोर होते, हे ओळखले पाहिजे.

यातून मागण्या निघतात त्या अशा. जी संस्था ऐतिहासिक मुद्रणांची अधिकृत आवृत्ती काढून नफा मिळवते, तिने प्रत्येक मुद्रणाची एक निर्दोष प्रत सार्वजनिक ग्रंथालयाकडे ठेवली पाहिजे आणि तेथे ती कोणालाही विनामूल्य ऐकता आली पाहिजे. मूळ फिती कोठे, कोणत्या अवस्थेत आहेत याची यादी जाहीर असली पाहिजे. मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव आवृत्तीवर आणि वाटा हिशेबात असला पाहिजे. श्रोत्यांनी स्वतः टिपलेल्या, विक्रीसाठी नसलेल्या प्रतींच्या देवघेवीला गुन्हा मानता कामा नये. आणि खाजगी संग्रह स्वीकारून, स्वच्छ करून, सूचीबद्ध करण्याचे काम राज्याने व विद्यापीठांनी आपल्या खर्चाने केले पाहिजे. ग्रंथालय चळवळ उभी करताना पुस्तकांबाबत जे तत्त्व मान्य झाले, ते आवाजाबाबत नाकारण्याचे कारण नाही.

तोवर ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांना एक काम ताबडतोब करता येण्यासारखे आहे. आपल्या तालुक्यात कोणाच्या ट्रंकेत कोणत्या सभेची, कोणत्या शाहिराची, कोणत्या बैठकीची फीत आहे याची नोंद करावी, तिच्यावर दिनांक आणि नावे लिहावीत, वाजवण्याजोगी असेल तोवर तिच्या दोन-तीन प्रती काढून निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. ब्रुकलिनच्या पोरांनी १९७१ साली याहून अधिक काही केले नव्हते. त्यांच्यापाशी निधी नव्हता, कचेरी नव्हती, कायद्याचा पाठिंबा नव्हता. एक कोरी फीत आणि टपालाचा खर्च एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले.